उसन्या हत्यारांचं औषध

औषध म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? गोळी, बाटली, फार तर सलाइन. अंगात गेलं, काम केलं, शरीराबाहेर पडलं. म्हणून तर ते सकाळ-संध्याकाळ पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. आता असं औषध डोळ्यांपुढे आणा, जे एकदाच शिरेतून द्यायचं, आणि अंगात गेल्यावर ते कमी व्हायच्या ऐवजी वाढतं! एकाचे दोन होतात, दोनाचे चार. ते रक्तात हिंडून कर्करोगाच्या पेशी हुडकतं, एकेकीला गाठून मारतं, आणि काम संपल्यावर त्यातला थोडा भाग पहाऱ्यासाठी मागे राहतो. काही महिने नाही, काही रुग्णांत तर दहा वर्षांहून जास्त!

हे औषध जिवंत आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बाहेर काढून, त्यांच्यात निसर्गात कधीच नसलेलं एक जनुक बसवून ते तयार होतं. त्याचं नाव कार-टी. भारतात हा उपचार पहिल्यांदा झाला ४ जून २०२१ रोजी, परळच्या टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात. त्या पेशी घडवल्या होत्या पवईच्या आयआयटीत, डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत. रुग्णांची बाजू टाटाचे डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांनी सांभाळली. पुढे ‘नेक्सकार-१९’ या नावानं त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं लोकार्पण केलं.

माणसाच्या बुद्धीचं कौतुक करायला हे पुरेसं आहे. पण हे औषध बनतं कसं ते टप्प्याटप्प्यानं बघायला लागलं की आणखी मोठं नवल पुढे येतं. डीएनए कापायचं हत्यार, जोडायचं हत्यार, त्याच्या प्रती काढायचं हत्यार, तो पेशीच्या आत पोचवणारा वाहक, यातलं काहीच मुळात माणसाचं नाही. सगळं सूक्ष्मजीवांकडून उसनं आणलेलं. त्यातलंही बरंचसं त्यांच्या आपसातल्या लढाईतून. कोट्यवधी वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेल्या जिवांची शस्त्रं आपण उचलली आणि एका परीक्षानळीत कामाला लावली!

खरं तर परळला अशी उसनवारी नवी नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकीन यांनी प्लेगच्या जंतूंपासूनच लस केली. जंतू वाढवायचे मांसाच्या सुपात, आणि वर तरंगायला थेंब सोडायचे तुपाचे! त्या थेंबांना धरून जंतूंच्या झुंबरासारख्या लोंब्या खाली लटकत वाढायच्या. मग त्यांना उष्णतेनं मारायचं आणि टोचायचं. १० जानेवारी १८९७ ला भायखळ्यात हाफकीन यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. ती तिथे आजही आहे, हाफकीन इन्स्टिट्यूट म्हणून.

तिथून चालत काही मिनिटांवर टाटा मेमोरियल. या रुग्णालयाचं मूळही रक्ताच्या कर्करोगात आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या. पैसा होता, परदेशातले डॉक्टर होते; पण हा आजार बरा करणारं औषध जगात कुणाकडेच नव्हतं. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले, पण त्याआधी त्यांनी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावे न्यास उभा केला. परळचं रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. त्यानंतर ऐंशी वर्षांनी त्याच संस्थेत कार-टी दिलं गेलं, तेही रक्ताच्याच कर्करोगावर.

आता मूळ प्रश्न. आपल्या रक्तात टी पेशी नावाचे सैनिक आहेतच. विषाणू शिरलेली पेशी ते बरोबर ओळखतात आणि ठार करतात. मग कर्करोगाची पेशी त्यांना का दिसत नाही? कारण ती परकी नाही, आपलीच आहे. शिवाय टी पेशी नुसतं बघून ठरवत नाही. समोरच्या पेशीनं आपल्या आत काय चाललंय त्याचे नमुने पृष्ठभागावर मांडून दाखवावे लागतात. लबाड कर्कपेशी नमुने मांडायचंच टाळते. सैनिक शेजारून निघून जातो.

पण एक खूण तिला सहसा लपवता येत नाही. बी पेशींपासून होणाऱ्या ल्युकेमियात आणि लिम्फोमात पेशीच्या अंगावर सीडी-१९ नावाचं प्रथिन असतं. निरोगी बी पेशींवरही ते असतं, पण हृदय किंवा यकृताच्या पेशींवर नाही. नवं रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींवरही नाही. म्हणजे सीडी-१९ दिसलं की मारा, असा हुकूम सोडला तर कर्कपेशींबरोबर चांगल्या बी पेशीही जातील, पण माणूस जगेल. बी पेशींचं काम प्रतिपिंडं बनवण्याचं. ती बाहेरून देता येतात.

हा हुकूम टी पेशीला द्यायचा कसा? इथे कोकणातल्या माणसाला चटकन कळेल असा उपाय आहे: कलम. खाली रायवळ आंब्याचं चिवट मूळ, वर हापूसची फांदी. प्रतिपिंडाला शत्रूची खूण अचूक धरता येते, पण मारता येत नाही. टी पेशीला मारता येतं, पण ही खूण धरता येत नाही. तेव्हा वर प्रतिपिंडाचं टोक, खाली टी पेशीला चेतवणारी शेपूट, असं एक जोडप्रथिन करायचं. वरच्या टोकानं सीडी-१९ धरलं की खालच्या शेपटीतून पेशीच्या आत आदेश जातो. इस्रायलच्या झेलिग एशहार यांनी १९८९ मध्ये अशा जोडप्रथिनाची वाट दाखवली. सुरुवातीच्या कार-टीमधलं वरचं टोक उंदराच्या प्रतिपिंडाचं असे. पवईच्या गटानं, त्यात अथर्व कारुळकर आणि अलका द्विवेदी हे तरुण संशोधक होते, ते टोक माणसाच्या प्रतिपिंडाशी मिळतंजुळतं करून घेतलं.

कल्पना झाली. पण प्रथिन हातानं कलम करता येत नाही. त्याची कृती लिहिलेली असते डीएनएमध्ये. म्हणजे कलम करायची ती डीएनएची. अवघी दीडेक हजार अक्षरं, तीही ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेली. ती कापायची आणि जोडायची, पण डीएनएची जाडी एका मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाएवढी! एवढं बारीक पातं आणायचं कुठून?

ते पातं मिळालं जीवाणूंकडे. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय घ्या. त्याच्यावर फाज नावाचे विषाणू सतत हल्ला करतात, आपला डीएनए त्याच्या आत टोचतात. ई. कोलायच्या काही जातींनी यावर तोड काढलीय. त्यांच्याकडे ‘इको-आर-वन’ नावाचं विकर असतं. ते डीएनएवरून सरकत जातं आणि जीएएटीटीसी ही सहा अक्षरं या क्रमानं दिसली की तिथेच तोडतं. पाच अक्षरं जुळली, सहावं नाही? पुढे चला. मग ते जीवाणूचा स्वतःचा डीएनए का कापत नाही? कारण जीवाणूनं आपल्या डीएनएवर त्या त्या जागी एकेक रासायनिक ठिपका आधीच लावून ठेवलेला असतो. ठिपका दिसला तर घरचा, नाही तर परका!

हे पातं सरळ कापत नाही, ही त्याहून मोठी गंमत. डीएनएचे दोन धागे असतात. ते दोन्ही चार अक्षरांच्या अंतरावर कापले जातात. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या टोकाला चार अक्षरांचा एकेरी धागा लोंबत राहतो. तो आपल्या जोडीदार अक्षरांना चिकटायला आतुर असतो. आणि डीएनए माणसाचा असो, भाताचा असो की बेडकाचा, या कातरीनं कापलेली टोकं सारखीच! म्हणजे कुणाचाही तुकडा कुणालाही जुळेल. सजीवांमधल्या भिंती इतक्या पातळ असतील असं कुणाला वाटलं होतं?

टोकं नुसती चिकटून भागत नाही, सांधा पक्का व्हावा लागतो. त्यासाठी लायगेज नावाचं विकर. जगभरच्या प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये जे लायगेज असतं ते बहुतांशी टी-४ नावाच्या फाजचं. आणि हा फाज शिकार कुणाची करतो? ई. कोलायची! म्हणजे कातरी जीवाणूची आणि सांधणारं विकर त्या जीवाणूच्या वैऱ्याचं. निसर्गात एकाच्या जिवावर दुसरा उठलेला. इथे एकाच्या मागून दुसरा निमूट काम करतो. आपल्या हरगोविंद खोराना यांनी याच लायगेजच्या मदतीनं १९७० च्या सुमाराला जगातलं पहिलं कृत्रिम जनुक जोडून काढलं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? काही म्हणजे काही दिसत नाही. करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी, तिच्या तळाशी पाण्याच्या एका थेंबाइतकं रंगहीन द्रव. मायक्रोपिपेटनं त्यात एकेक मायक्रोलिटर घालायचं, म्हणजे लिटरचा दहा लाखावा भाग. हात हलला तर थेंब नळीच्या भिंतीलाच राहतो. मग नळी ३७ अंशांवर ठेवायची, आपल्या शरीराच्या तापमानाला, कारण विकर आतड्यातल्या जंतूचं आहे आणि त्याला तीच ऊब लागते. तासाभरात त्या थेंबात अब्जावधी रेणू कापले गेलेले असतात, आणि नळी आधी होती तशीच दिसते.

मग काम झालं हे कळतं कसं? त्यासाठी ‘जेल रन’ करायचं. जेल कशाचं? समुद्री शेवाळातून काढलेल्या अगारोजचं. आपण पुडिंग घट्ट करायला चायना ग्रास वापरतो ना, त्याचंच शुद्ध रूप. त्याची पारदर्शक थापी करायची, एका कडेला असलेल्या खाचांमध्ये डीएनए सोडायचा आणि वीज लावायची. डीएनएवर ऋण भार असतो, तो धन टोकाकडे धावतो. जेलच्या जाळीतून लहान तुकडे भराभर पुढे जातात, मोठे अडखळत मागे राहतात. अर्ध्यापाऊण तासानं अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्यावर थापी धरली की नारिंगी पट्टे लखलखतात. एवढा वेळ आपण जे आंधळेपणानं हाताळत होतो ते डोळ्यांसमोर ओळीनं उभं! कितीही वर्षं हे काम केलेला माणूस असो, हवा तो पट्टा हव्या त्या उंचीवर दिसला की त्याचा चेहरा उजळतोच.

एक रेणू हाती आला, पण लागतात अब्जावधी. प्रती काढायच्या कुणी? पुन्हा जीवाणूंनीच. त्यांच्या पोटात मुख्य डीएनएशिवाय प्लाझ्मिड नावाची छोटी गोल कडी असतात. जीवाणू ती एकमेकांना देतात. प्रतिजैविकांना दाद न देण्याची कला अशाच कड्यांतून एकाकडून दुसऱ्याकडे जाते. आपलं जनुक त्या कड्यात जोडायचं. मग ई. कोलाय बर्फात गार करायचे, त्यांच्याभोवती कडी सोडायची, आणि ४२ अंशांवर पाऊण मिनिट चटका देऊन पुन्हा बर्फात. त्या धक्क्यात काही जीवाणू कडं आत घेतात. काहीच! लाखो कोरे राहतात. मग आत घेतलेले निवडायचे कसे? कड्यावर आपल्या जनुकाशेजारी ॲम्पिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक ठेवायचं आणि सगळी फौज ॲम्पिसिलिन घातलेल्या अगारवर पसरायची. कोरे मरतात, कडंवाले जगतात. रुग्णालयांना डोकेदुखी झालेला जंतूंचा हट्टीपणा इथे चाळणीचं काम करतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके ठिपके उगवलेले असतात. त्यातला एक काडीनं उचलायचा आणि पौष्टिक द्रवात टाकून रात्रभर घुसळायचा. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे शंभर कोटींवर! १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी ही रीत बसवली. आज गिरगाव-दादरच्या घराघरांतल्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी जे इन्सुलिन असतं, त्याच्या मुळाशी हेच तंत्र आहे.

जीवाणूंशिवायही प्रती काढता येतात, त्या पीसीआरनं. कोविडच्या काळात आरटीपीसीआर हा शब्द पोराटोरांच्या तोंडी बसला होता, तोच हा. ९५ अंशांना तापवून डीएनएचे दोन धागे सुटे करायचे, थोडं गार करायचं, आणि एका विकरानं प्रत्येक धाग्यासमोर नवा धागा विणायचा. तापवा, गार करा, विणू द्या. अडचण एकच: एवढ्या उष्णतेत कुठलं विकर टिकणार? त्याचं उत्तर अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत होतं. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक यांना तिथे हात पोळेल अशा पाण्यात मजेत राहणारा जीवाणू सापडला. वज्रेश्वरीच्या कुंडात पाय बुडवणाऱ्याला गरम पाण्याचं कौतुक, या जंतूला तर ते घरच! त्याचं विकर उकळीजवळही शाबूत राहतं. तीस फेऱ्या, दोन-तीन तास, आणि एकाच्या शंभर कोटी प्रती. उसन्या हत्यारांच्या साखळीतली ही कडी मात्र लढाईतून नाही, उकळत्या पाण्यातून आली.

जनुक तयार झालं, अक्षर न् अक्षर वाचून तपासलं. आता ते टी पेशीच्या आत, तिच्या स्वतःच्या डीएनएत बसवायचं. टी पेशीचं काम परक्यांना हुसकावण्याचं. ती अशी कुणालाही आत घेईल? मग तिच्या आत शिरण्यात, एवढंच नव्हे तर तिच्या डीएनएत आपलं जनुक कायमचं बसवण्यात जगात सगळ्यात वाकबगार कोण?

एचआयव्ही.

होय, तोच. ज्या विषाणूनं टी पेशींचा संहार करून जगभर हाहाकार उडवला, त्यालाच वाहक केलं गेलं. तो आरएनएच्या रूपात शिरतो, आत गेल्यावर त्याचा डीएनए करतो आणि एका विकरानं तो यजमानाच्या डीएनएत शिवून टाकतो. हेच कौशल्य ठेवायचं आणि बाकी सगळं काढायचं. १९९६ मध्ये अमेरिकेत इंदर वर्मा आणि सहकाऱ्यांनी असा निःशस्त्र वाहक करून दाखवला. त्याची जनुकं वेगवेगळ्या तीन-चार प्लाझ्मिडांवर विखरून ठेवतात, म्हणजे तो पेशीत एकदा शिरेल, पण स्वतःची पिल्लं काढू शकणार नाही. अंगावर सहसा त्याचं स्वतःचं आवरण नसतंच. ते घेतलेलं असतं गुराढोरांना तोंडात फोड आणणाऱ्या दुसऱ्याच एका विषाणूचं. असे हजार वाहक एका ओळीत लावले तर कुठे केसाची रुंदी भरते.

हे वाहक जुळतात एचईके-२९३ नावाच्या मानवी पेशींत. १९७३ पासून काचेच्या भांड्यांत अखंड वाढणाऱ्या या पेशींच्या नावातला आकडा म्हणजे फ्रँक ग्रॅहम यांच्या वहीतला प्रयोगाचा क्रमांक. २९३ वा प्रयोग! कंटाळून माणसानं २९२ व्याला वही मिटली असती तर?

आता रुग्णाकडे येऊ. दंडाच्या एका शिरेतून रक्त यंत्रात जातं, यंत्र फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतं, उरलेलं रक्त परत देतं. काही तास हे चालतं. त्या पिशवीतल्या टी पेशींना प्रयोगशाळेत आधी जागं करतात, मग वाहक त्यांच्यावर सोडतात. काही दिवस त्या गुलाबी द्रवात, ३७ अंशांत वाढतात. त्यातल्या अनेकींच्या पृष्ठभागावर आता ते कलमी प्रथिन उगवलेलं असतं. खरंच उगवलं का? फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात पेशी एकामागून एक लेझरपुढून जातात, सेकंदाला हजारो, आणि कलम असलेली पेशी चमकून आपली हजेरी लावते. जंतूंचा शिरकाव झाला नाही ना, पेशी जिवंत आहेत ना, अशा परीक्षांवर परीक्षा. मग पिशवी द्रव नायट्रोजनच्या गारठ्यात.

रुग्णाला आधी थोडी केमोथेरपी देतात, नव्या सैन्याला जागा करायला. मग पिशवी वितळवायची आणि शिरेतून सोडायची. दहा-पंधरा मिनिटांचं काम. ज्या रसायनात पेशी गोठवलेल्या असतात त्याचा वास पुढे दिवसभर रुग्णाच्या श्वासाला येतो, लसणीसारखा! इतक्या नाजूक विज्ञानाची बाहेर दिसणारी खूण काय, तर लसणीचा भपकारा.

आत मात्र रणकंदन. कलमी पेशीला सीडी-१९ दिसतं, ती चिकटते, मारते, स्वतः दुप्पट होते आणि पुढच्या पेशीकडे वळते. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या रुग्णांमध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा सोडलेल्या एकेका पेशीमागे सरासरी हजार कर्कपेशी मेल्या होत्या. पण एवढ्या लढाईत टी पेशी मदतीसाठी जी रासायनिक हाक देतात तिचा पूर आला तर रुग्णच दगावायचा. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडवर तशीच वेळ आली. ताप उतरेना, ती व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत आयएल-६ नावाचा एक घटक बेसुमार वाढलेला दिसला. तिच्यावर उपचार करणाऱ्या गटाचे कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणापासूनचा संधिवात होता, म्हणून आयएल-६ ला रोखणारं संधिवाताचं एक औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि काही तासांत एमिली सावरू लागली. कर्करोगही गेला. एका आजाराचं औषध दुसऱ्या आजाराच्या औषधाला तारून गेलं! आज ते कार-टी देताना हाताशी ठेवतात.

परळ-पवईच्या औषधाचे निकाल २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त आले. इतर उपाय थकलेल्या ६४ रुग्णांना ते दिलं होतं, आणि ज्यांचं मूल्यमापन करता आलं त्यांच्यापैकी ७३ टक्क्यांनी प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे. काहींचा आजार परततो. पण यातले बहुतेक असे, ज्यांना दुसरं काही देण्यासारखं उरलं नव्हतं.

आणि पैसा? अमेरिकेत २०१७ मध्ये पहिलं कार-टी आलं ते ४,७५,००० डॉलरला, म्हणजे तीन कोटी रुपयांना. इथलं तीस-चाळीस लाखांच्या घरात. दशांशावर आलं, तरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत फाइल उराशी धरून टाटाच्या तारखांची वाट बघणाऱ्या कुटुंबाला हा आकडा डोंगराएवढाच. मग प्रश्न पडतो: कातरी जंतूंची, सांधणारं विकर फाजचं, वाहक एचआयव्हीचा, पेशी रुग्णाची, यांतल्या कुणी मोबदला मागितलेला नाही. मग महाग काय आहे? महाग आहे एकेका रुग्णासाठी वेगळा घाट घालणं. दर वेळी नव्यानं पेशी काढा, निर्जंतुक खोलीत आठवडाभर सांभाळा, तपासा, गोठवा. हे औषध घाऊक बनतच नाही.

यावरही तोड निघतेय, आणि हत्यार पुन्हा त्याच लढाईतलं. वाहक विषाणू आपलं जनुक डीएनएत जागा मिळेल तिथे बसवतो, नेमका पत्ता पाळत नाही. नेमक्या पत्त्यावर जाणारं हत्यार जीवाणूंकडे होतं: क्रिस्पर. फाजच्या हल्ल्यातून वाचलेला जीवाणू त्या फाजच्या डीएनएचा एक तुकडा स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतो. पुन्हा तोच वैरी आला तर त्या तुकड्याची नक्कल हातात घेऊन कॅस-९ नावाचं विकर निघतं आणि वीसच्या वीस अक्षरं जुळली की कापतं. एका पेशीच्या क्षुद्र जिवाला मागच्या हल्ल्याची आठवण असते! १९८७ मध्ये जपानमध्ये डीएनए वाचताना ही विचित्र पुनरावृत्ती पहिल्यांदा दिसली. कशासाठी आहे ते कळायला वीस वर्षं गेली. २०१२ मध्ये एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी दाखवलं, की ती वीस अक्षरं आपण लिहून दिली तर कातरी आपण सांगू तिथे कापते. २०२० चं नोबेल त्यांना मिळालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी ‘बिरसा-१०१’ हा देशी क्रिस्पर उपचार दिल्लीच्या एका प्रयोगशाळेनं पुढे आणला, त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी हातमिळवणीही केली. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर या आजाराचं नाव कुणाला सांगावं लागत नाही.

कार-टीतही हे पाऊल पडलंय. लंडनमध्ये २०२२ साली टी पेशींचाच ल्युकेमिया झालेल्या १३ वर्षांच्या मुलीला दुसऱ्या माणसाच्या टी पेशी दिल्या. पेच बघा: मारेकरी टी पेशी, शत्रूही टी पेशी, दोघांच्या अंगावर खूण एकच. सोडल्या असत्या तर त्या आधी एकमेकींनाच मारून बसल्या असत्या. म्हणून क्रिस्परपासून पुढे घडवलेल्या हत्यारानं त्यांच्या डीएनएतली मोजकी अक्षरं बदलली आणि ती खूणच पुसली. रुग्णाला परकं मानून त्यांनी तिच्यावर उलटू नये याचीही सोय केली. परक्याच्या पेशी चालतात म्हणजे साठा करून ठेवता येतो. त्याहून पुढची धडपड अशी, की पेशी बाहेर काढायच्याच नाहीत; वाहक थेट शिरेतून सोडायचे आणि त्यांनी शरीरातच टी पेशी गाठून कलम करायचं. अशा प्रयोगांचे पहिले मोजके रुग्ण झालेत.

ते साधलं तर निर्जंतुक खोल्या, आठवड्यांची वाट, एका माणसासाठी मांडलेला सगळा कारखाना गळून पडेल, आणि लाखांचा आकडा खाली यायला खरी जागा होईल. रुग्णाचं शरीर हाच कारखाना, कामगार त्याच्याच पेशी, हत्यारं जंतूंची. आपण फक्त मजकूर लिहून द्यायचा, दीड हजार अक्षरांचा!